थांबची खूण

जुनवानी, भिलाई
११ जानेवारी २०२२

प्रफुल, जयभीम.

तुला पत्र लिहायचं नाही असं मी एप्रिलपासून ठरवलं होतं आणि ते निभावतही होतो. पण कालचा तुझा सामना पाहिला आणि हात शिवशिवले. ती पेनल्टी तू उजवीकडे झेपावून अडवलीस ना, तेव्हा मी खुर्चीतून असा उठलो की चहाचा कप रोशनीच्या पेपरांवर गेला. तिच्या कोचिंगच्या पोरांचे गणिताचे पेपर होते. मी मांजराचं नाव सांगितलं आहे. रोशनीला ताकीद दिली आहे की या पत्राचा फोटो काढून भावाला पाठव, पण वाचू नको.

फोन मी करत नाही त्याचं कारण राग नाही, निदान नुसता राग नाही. माझे कान पोलाद कारखान्याच्या मेल्टिंग शॉपमध्येच राहिले, रिटायर झालो तेव्हा ते बरोबर आणता आले नाहीत, हे तुला ठाऊक आहे. डाव्या कानात काहीच नाही. उजव्यात कोणी तोंड घालून ओरडलं तर थोडं. शेजारचे भय्याजी परवा फाटकावर येऊन तसंच ओरडून गेले. "दौलतरावजी, अब तो मैदान खाली रहता है, टीवी में खिलाड़ियों की आवाज तक आती है. आपका लड़का पूरे टाइम चिल्लाता है."

म्हणजे तुझा आवाज साऱ्या देशाला जातो आणि घरात पोचत नाही. हरकत नाही. मी जन्मभर क्रेनच्या केबिनमधून खाली पाहिलं. तेवढ्या उंचावरून माणसाचा चेहरा दिसत नाही, हेल्मेट दिसतं आणि हात दिसतात. खाली खुणा करायला उभा असलेला खलासी हातांनी सांगेल तशी वितळलेल्या पोलादाची बादली उचलायची, सांगेल तिथे ठेवायची. तू लहान असताना क्वार्टरच्या अंगणातून मला गॅलरीत त्याच खुणा करायचास आणि मी दोरीने भाजीची पिशवी वरखाली करायचो. आता डिफेंडरनाही तू त्याच खुणा करतोस. वर घे, खाली सोड, सावकाश. त्या केरळच्या आणि मिझोरमच्या पोरांना ठाऊकही नसेल की आपण देशातल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये क्रेनच्या भाषेत खेळतो आहोत.

पायाने पास देण्याचा शौक मात्र कमी कर. गोलकीपरला हात कशाला दिले आहेत?

इकडे पुन्हा मास्क सुरू झाले आहेत. नेहरू नगरचं रोशनीचं कोचिंगही बंद व्हायच्या बेतात आहे. तुम्ही बरे, हॉटेल ते मैदान आणि मैदान ते हॉटेल, मध्ये कोणी नाही. काल तुला धडधाकट पाहिलं आणि जिवाला बरं वाटलं.

तुझा बाबा

१२ जानेवारी

प्रफुल,

कालचं पत्र फाडता आलं असतं तर फाडलं असतं, पण फोटो फाडता येत नाही म्हणे.

रोशनीने ते वाचलंच. वाचून माझ्यासमोर येऊन बसली आणि कानात म्हणाली, "बाबा, तुमाले कसं सांगू. तो मॅच पुराना होता."

"पुराना म्हणजे?"

"मागच्या सालचा. परवाचा मॅच झालाच नाई. एक घंटा आधी कॅन्सल झाला. भाऊच्या टीममधी कोरोना निंगाला. मंग चॅनलवाल्यानं जुना लावून देला."

मी म्हटलं असं कसं होईल, मी डोळ्यांनी पाहिला. ती म्हणाली की कोपऱ्यात लिहून आलं असेल. आलं होतं काहीतरी इंग्रजीत. मला वाटलं, केसांच्या तेलाची जाहिरात आहे. बोलणारा काय बोलतो ते मला ऐकू येत नाही आणि मैदान दोन्ही वर्षी रिकामंच, मग जुनं कुठलं आणि नवं कुठलं कसं ओळखायचं?

पण ओळखू यायला हवं होतं. तो सामना मी आधी पाहिला होता, तुझ्या आईच्या शेजारी बसून. पेनल्टीच्या वेळी तिने डोळे मिटून घेतले होते आणि मी तिला कोपराने ढोसून सांगितलं होतं की अडवली, बघ आता. परवा मी एकटाच उठलो, एकटाच चहा सांडला, आणि माझी प्रेमला मला आठवलीसुद्धा नाही. कान गेले होते, आता डोक्याचाही भरवसा राहिला नाही.

ते पत्र पाठवू नको म्हटलं तर रोशनी म्हणते, "जाऊ द्या ना तसंच. भाऊले हसू येईन." तिने पाठवून दिलं. वाचलं असशील तर हस, मला चालेल.

आता काय झालं आहे ते सांग. पेपरात लिहिलं आहे, "संघातील काही खेळाडू बाधित." काही म्हणजे कोण? गोल कोणी मारला त्याचं नाव छापतात, पिवळं कार्ड कोणाला दिलं ते छापतात, आणि ताप कोणाला आला ते छापत नाहीत. रोशनीने तुमच्या मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, सब ठीक है. तिने तुला लावला तर तू उचलला नाहीस.

मला लांबलचक उत्तर नको. एक शब्द पाठव. तोही जड जात असेल तर अंगठ्याचं ते चित्र असतं ना फोनमध्ये, ते पाठव.

बाबा

१५ जानेवारी

प्रफुल,

तुमचा पुढचाही सामना गेला. रोशनीने बातमी दाखवली. सगळे आपापल्या खोलीत बंद, जेवण दाराबाहेर ठेवतात, सराव नाही. तू बंद आहेस म्हणून बंद आहेस की आजारी आहेस म्हणून, हे कोणी सांगत नाही. पत्रांचं विचारलं तर रोशनी म्हणते, दोन टिका आल्या आहेत पण निळ्या झाल्या नाहीत. निळी झाली म्हणजे वाचलं. मी इतक्यांदा तिचा फोन मागतो की तिने तो आता माझ्याच उशाला ठेवला आहे. काळ्या टिकांकडे पाहत बसणं हे काही माणसाचं काम नाही, पण सध्या तेच करतो आहे.

मी घाबरलो आहे. आडपडदा कशाला ठेवू? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि आपलं तोंड नुसतं पोळलं नाही.

तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून लिहितो. तुझी आई अँब्युलन्सपर्यंत आपल्या पायांनी चालत गेली. रोशनी वरच्या खोलीत तापाने पडली होती, मी दारात उभा. प्रेमला वळली, मास्क खाली केला म्हणजे मला ओठ दिसावेत, आणि म्हणाली, "तीन शिट्ट्या झाल्या का गॅस बंद करजा." बहिऱ्या नवऱ्याला सांगून गेली शिट्ट्या मोजायला. मी हो म्हटलं. भात करपला, कुकर काळा झाला, आणि संध्याकाळपर्यंत घरात धूर होता. त्यानंतर रोज फोन यायचा आणि रोशनी मला लिहून दाखवायची, "स्थिर आहे." अगदी शेवटच्या दिवशीसुद्धा सकाळी स्थिरच होती. म्हणून तुमचा मॅनेजर सब ठीक है म्हणाला ते मी धरत नाही.

तुझी छाती लहानपणापासून कच्ची. न्यूमोनियात तू आईच्या मांडीवर कसा भात्यासारखा वाजत होतास ते तुला आठवणार नाही. आता तू सहा फुटांचा झालास म्हणून ती छाती दुसरी आली असं नाही.

मेल्टिंग शॉपचा नियम तुला पाठ आहे, तरी पुन्हा सांगतो. माल उचल म्हणायचा हक्क एकाच खलासीला असतो. पण थांब म्हणायचा हक्क सगळ्यांना. झाडू मारणाऱ्याने जरी दोन्ही हात पसरून धरले तरी क्रेन जागच्या जागी थांबते, साहेब काय म्हणतो ते मागाहून पाहता येतं. तुला अंगात कणकण असताना मैदानात उतर म्हणाले तर सरळ दोन्ही हात पसर. तुझ्या जागी उभं राहायला दुसरा कीपर आहे. मला दुसरा नाही.

माझी तब्येत उत्तम. घसा थोडा धरला आहे, जानेवारीत धरतोच. रोशनीच्या हाताला मात्र काय झालं कळत नाही, चहा अगदी गरम पाण्यासारखा लागतो. आलं टाकत नाहीस का म्हणून विचारलं, तर तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

बाबा

१८ जानेवारी

प्रफुल,

आज मागच्या खोलीतून लिहितो आहे. इथे ऊन छान येतं, आणि खिडकी बाजूच्या अंगणात उघडते, तिथून फाटक आणि रस्ताही दिसतो. रोशनी ताट दाराबाहेर स्टुलावर ठेवते आणि लांब होते. तिला सर्दी असावी, म्हणून जपते आहे. मास्क लावून फिरते, त्यामुळे मला तिचं बोलणंच कळत नाही. या रोगाने कान असलेल्यांचं काय नेलं असेल ते नेलं, माझ्याकडून ओठ नेले. काही महत्त्वाचं असलं की ती अंगणात जाते, खिडकीच्या काचेपलीकडे उभी राहून मास्क खाली करते, आणि मी ओठ वाचतो.

आज ती तशीच उभी राहून म्हणाली, "बाबा, भाऊले खरं कावून नाई लिहीत तुमी?"

मी म्हटलं, "काय खरं?"

"दोघंही सारखेच आहात. तो तिकडे लपवून राहिला, तुमी इकडे लपवून राहिले. मी कोणाकोणाले पाहू?"

रडत होती बहुतेक. काचेवर ऊन होतं, नीट दिसलं नाही. तर तिला बरं वाटावं म्हणून एक खरं लिहितो. फाटकाचं.

एप्रिलमध्ये तुझी आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू आलास. कोलकात्याहून रायपूरपर्यंत विमान, पुढे कोणाची तरी पास लावलेली गाडी, रस्ताभर पोलीस. तू कसा पोचलास ते तुझं तुलाच माहीत. आईचं तोंडही कोणाला पाहायला मिळालं नव्हतं, तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळून अनोळखी माणसांनी नेलं होतं. मी आणि रोशनी दोघंही बाधित, घरात बंद. मी खिडकीत आलो तर तू फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभा. मला ओरडायचं होतं, पण श्वास पुरत नव्हता. मी दोन्ही हात पसरले. खांद्याच्या उंचीवर, तळवे खाली, हलवायचे नाहीत. थांब.

भय्याजींनी त्यांची वरची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवली होती. तिची किल्ली आमच्या पुढच्या दाराशी खिळ्याला लावली होती. मास्क शोधून दारात यायचं आणि किल्ली तुझ्याकडे फेकायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मास्क सापडेना. सापडला तेव्हा दारात आलो, तर रस्ता रिकामा. भय्याजी म्हणाले, लड़का रोते-रोते गया.

मग मला राग आला. क्रेनवाल्याचा पोरगा, अंगणात उभा राहून मला खुणा शिकवायचास, आणि तुला थांबची खूण कळू नये? बापाने फाटकातून हाकललं असं तू रोशनीला फोनवर सांगितलंस. ती समजवायला गेली तर मी तिला अडवलं, म्हटलं ज्याला कळायचं त्याला कळेल. तेव्हापासून तू तिकडे फुगलेला आणि मी इकडे.

परवापासून या खोलीत पडून विचार करतो आहे. आपल्या भाषेत थांब म्हणजे काय रे? गाडीला थांब म्हटलं तर पुढे येऊ नको. पाहुण्याला थांब म्हटलं तर जाऊ नको. शब्द एकच, खूण एकच. मी दोन्ही म्हणत होतो. तू अर्धंच घेतलंस.

किल्ली अजून खिळ्याला आहे. भय्याजींनी कधी परत मागितली नाही.

बाबा

२१ जानेवारी

प्रफुल,

पडल्या पडल्या लिहितो आहे, अक्षर लावून घे.

काल तुमचा सामना झाला. हा नवाच होता, मी आधी रोशनीकडून तीनदा खात्री करून घेतली. तिने टीव्ही मागच्या खोलीच्या दारात स्टुलावर ठेवला आणि स्वतः अंगणात उभी राहून खिडकीतून पाहत होती. तू बाहेर आलास. आधी मी डोळे पुसले, मग तुला पाहिलं.

तू बारीक झाला आहेस. डोळ्यांखाली काळं आहे. चेंडू पलीकडे गेला की तू खांबाला टेकत होतास, आणि खांबाला टेकणारा कीपर तू कधीच नव्हतास. हाफटाइमच्या आधी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलास तो किती वेळ उठला नाहीस. एक गोल तर तुझ्या बगलेखालून गेला, असले गोल तू सेक्टरच्या मैदानावर दहा वर्षांचा असताना अडवायचास. मला तेव्हाच कळलं. त्या "काही खेळाडूं"मधला एक तू होतास, आणि तुला अंथरुणातून उठवून उभं केलं आहे.

आणि मग ते झालं. दुसऱ्या हाफमध्ये, चेंडू पार तिकडच्या गोलपाशी होता. तुझ्याजवळ कोणी नव्हतं, ना आपला ना त्यांचा. तू मागे वळलास, गोलच्या मागे जो कॅमेरा असतो त्याच्याकडे सरळ पाहिलंस, आणि दोन्ही हात पसरलेस. खांद्याच्या उंचीवर, तळवे खाली. धरून ठेवलेस.

रोशनीने काच ठोठावली. "बाबा, पाह्यलं का? पाह्यलं का तुमी?" ती हसत होती की काय कोण जाणे. मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं हसतेस काय, तो मरून राहिला तिकडे, मॅनेजरला फोन लाव, कोणालाही लाव, सामना बंद करायला सांग. नियम आहे. थांब म्हणायचा हक्क सगळ्यांना आहे आणि माझा पोरगा सगळ्या देशासमोर थांब म्हणतो आहे, तर एक माणूस थांबत कसा नाही? कोणी थांबलं नाही. त्या लोकांना वाटलं असेल, हात मोकळे करतो आहे. सामना शेवटपर्यंत चालला. त्यानंतर आज सकाळपासून तुझा फोन बंद आहे. रोशनीने माझ्यासमोर लावून दाखवला.

काय दुखतं आहे तुला? छाती का? श्वास लागतो का? मला तिथे कोणी ओळखत नाही, मला फोनवर ऐकू येत नाही, या खोलीतून बाहेर पडता येत नाही. मी काय करू ते मला कळत नाही, प्रफुल.

आता माझंही ऐक, तू बोललास तर मीही बोलतो. चहाला आलं होतं, माझीच चव गेली होती. रोशनी बरोबर होती. मला झाला आहे. लसीच्या दोन सुया घेतल्या आहेत, म्हणून हलका जाईल म्हणाले होते, पण माझी साखर वाढलेली. बोटाला चिमटा लावून श्वास मोजायचं ते यंत्र असतं, त्याचा आकडा पाहून रोशनी काल तोंड फिरवून उभी राहिली. डॉक्टरने दवाखान्यात भरती व्हायला सांगितलं आहे. गाडी बोलवायची तर मी नाही म्हणतो.

भय्याजी खिडकीशी येऊन हात जोडून गेले. "चले जाइए दौलतरावजी, बच्ची अकेली कितना करेगी." मी मान फिरवली. रोशनी म्हणाली, "बाबा, जिद नका करू ना. आईच्या टाइमले गोष्ट वेगळी होती. आता बेड आहेत, ऑक्सिजन आहे. तुमी वापस येसान."

मी म्हटलं, तीही वापस येणारच होती. गॅसवर भात ठेवून गेली होती.

खरं सांगू का? मरणाची भीती वाटते ते आहेच. पण दवाखान्याची जास्त वाटते. तिथे सगळे मास्कमध्ये, पांढऱ्या कपड्यांत, कोणाचा चेहरा नाही, ओठ नाहीत. कोणी काय म्हणतं ते मला कळणार नाही. माझ्याशी कोणी बोललं की नाही हेसुद्धा कळणार नाही. प्रेमलाला निदान ऐकू येत होतं.

तू बरा आहेस एवढं कळलं तर मी जाईन. रोशनीला तसं कबूल केलं आहे. तुझं कळल्याशिवाय मी या खोलीतून हलत नाही.

बाबा

२४ जानेवारी

प्रफुल,

हे पत्र फोटो काढून पाठवायचं नाही. रोशनी ते फाटकावरून तुझ्याकडे टाकेल.

तू समोरच्या नाल्यावरच्या पुलियावर बसला आहेस. इथून मला तुझी बॅग दिसते आणि तुझे लांब पाय दिसतात. सकाळी रोशनीने काच ठोठावून रस्त्याकडे बोट दाखवलं, तर मला वाटलं पुन्हा जुनाच सामना लावला आहे. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास राहिला नव्हता. मी काचेला नाक लावून उभा राहिलो. तू उठलास, फाटकापर्यंत आलास, कडीला हात लावला नाहीस, आणि दोन्ही हात पसरलेस.

तेव्हा मला तुझी टीव्हीतली खूण कळली. रोशनी म्हणते की तिने त्या सामन्याच्या आदल्या दिवशीच तुला माझं सगळं कळवलं होतं. तुझ्या टिका निळ्या होत नाहीत, कारण तू निळी टिक बंदच करून ठेवली आहेस. पत्रं तू सगळी वाचलीस, फाटकाचंही वाचलंस. म्हणजे मी इकडे काळ्या टिकांकडे बघत मरत होतो आणि तू वाचत होतास. हल्लीच्या पोरांचं काही सांगू नये. थांबा बाबा, मी येतो आहे, असं तू म्हणत होतास. आणि मी, सगळ्यांना नियम शिकवणारा, त्यातलं अर्धंच घेतलं. रोशनी खिडकीत हसत होती त्याचा अर्थही आता लागला. तू निघाला आहेस, म्हणून फोन बंद आहे, असं ती सांगत होती, पण मला ते 'स्थिर आहे'सारखंच वाटलं. तिच्यावर ओरडलो त्याबद्दल तू माझ्या वतीने तिला काहीतरी खाऊ घाल.

तुझ्या तापाचं रोशनीने सांगितलं. आता तपासणी चांगली आली आहे, तेही सांगितलं. तुझा चेहरा मला इथून दिसत नाही, पण हात पाहिले. बराच वेळ पसरून धरलेस आणि ते हलले नाहीत. त्यावरून मी समजलो की अंगात ताकद आहे.

हॉटेल सोडून आलास, आता परत गेलास तर पुन्हा खोलीत बंद, पुन्हा तपासण्या, आणि तोवर गोलमध्ये दुसरा पोरगा उभा राहिलेला असेल. सीझन गेला म्हणायचा. खूप शहाणा आहेस. बरा झालो की यावर तुला सविस्तर बोलणार आहे.

मघाशी तू मास्क खाली करून काहीतरी म्हणालास. ओठ मी वाचले. "बाबा, या बारी मी कुठंच जाऊन नाई राहिलो." मराठी अजून बोलतोस, हे पाहून बरं वाटलं.

गाडी निघाली आहे असं रोशनीने लिहून दाखवलं. मी हो म्हटलं आहे. मला फार भीती वाटते, पण शब्द दिला होता. गॅसवर काही ठेवलेलं नाही, मी रोशनीकडून बटण फिरवून पाहून घेतलं. एका पुठ्ठ्यावर तिने मोठ्या अक्षरांत हिंदीत लिहिलं आहे की या माणसाला ऐकू येत नाही, यांच्याशी हातांनी बोला. तो मी गळ्यात अडकवून नेणार आहे. तिला त्यावर काही खुणांची चित्रं काढायला लावली, दुखतं, पाणी, वर घ्या, सावकाश.

या पत्राबरोबर ती खिळ्याची किल्ली टाकेल. भय्याजींची वरची खोली, जिना बाहेरून आहे. नळाला पाणी सकाळीच येतं. रोशनी थकली आहे, तिची तपासणी करून घे, आणि चहा तू करत जा.

आता मी दारातून निघून गाडीत बसेपर्यंत तू पुलियाच्या पलीकडे राहा. गाडीच्या मागच्या काचेतून मी तुला दोन्ही हात पसरून दाखवीन. खांद्याच्या उंचीवर, तळवे खाली. थोडे कापतील, तिकडे लक्ष देऊ नको. या वेळी अर्धं घेऊ नको. जवळ येऊ नको आणि जाऊही नको.

थांब.

बाबा